जावईबापू आणि वळसंगचा रस्ता

2023 ला अधिक श्रावण आला आणि अक्कलकोटहून सासूबाईंचा फोन आला, धोंड्याच्या जेवणाला या. अधिकात जावयाला नाही म्हणायची सोय नसते. ताटात पुरणाचे धोंडे, वर तुपाची धार, आणि शेजारी बासुंदीची वाटी, ती वाटी कसली, छोटा तांब्याच म्हणा. मी अर्धी संपवली की सासूबाई मागून येऊन परत काठोकाठ. "घ्या हो जावईबापू, घरच्या म्हशीचं दूध आहे." असं तीनदा झालं.

अडीचची एसटी. अक्कलकोट ते सोलापूर 40 किलोमीटर, तासाभराचा रस्ता, बायको माहेरीच राहिलेली, माझ्या मांडीवर 33 अनारशांचा डबा. पोटाने पहिला आवाज वळसंगच्या अलीकडे दिला. शेजारच्या आजोबांनी मोबाईल वाजतोय समजून माझ्या खिशाकडे बघितलं. मग गुरगुर, मग कळ, मग अशी परिस्थिती की मी डबा पोटाशी घट्ट धरून कंडक्टरला म्हणलं, "साहेब, जरा थांबवता का." तो म्हणला "कशाला?" आता कशाला ते चारचौघांत कसं सांगणार, पण माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं असावं, कारण त्याने पुढे एक शब्द न बोलता बेल मारली. खाली उतरलो तर दोन्ही बाजूला तूर, तीही गुडघ्याएवढी. आडोसा म्हणून हातात फक्त अनारशांचा डबा. पुढचं सांगत नाही.

घरी आल्यावर आईने मीठमोहरी ओवाळली. पण नजर दर वेळी दूध प्यायल्यावरच कशी लागते, ही शंका मला कोजागिरीपासून होतीच. शेवटी डॉक्टरकडे गेलो. मॅडम म्हणल्या, दुधात लॅक्टोज नावाची साखर असते, ती फोडायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं एन्झाइम लागतं, लहानपणी ते भरपूर असतं आणि मोठेपणी बऱ्याच जणांचं कमी होत जातं. मग ती साखर तशीच मोठ्या आतड्यात जाते, तिथल्या जंतूंना धोंड्याचं जेवण मिळतं, ते गॅस करतात, साखर पाणी ओढून घेते, आणि हे सगळं साधारण अर्ध्या ते दोन तासात. म्हणजे बरोब्बर वळसंग. ब्रेथ टेस्ट असते म्हणल्या, उपाशीपोटी लॅक्टोजचं पाणी पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात. मी म्हणलं मॅडम, माझी टेस्ट झाली रस्त्यावर. मग दोन आठवडे दूध बंद करून बघायचं ठरलं, आणि पोट इतकं शांत झालं की बायकोने विचारलं, बरं वाटत नाही का?

आता मी हिशोबाने जगतो. 100 मिली दुधात साधारण 5 ग्रॅम लॅक्टोज. पेलाभर दूध म्हणजे बाराएक ग्रॅम, तेवढं जेवणासोबत बऱ्याच जणांना सोसतं म्हणे, माझं पोट तेवढं उदार नाही. चहातलं 40-50 मिली मात्र निभावतं. बासुंदी आटवताना पाणी उडतं, लॅक्टोज सगळं तिथंच राहतं, त्यामुळे माझ्या तीन वाट्यांत काय होतं ते तुम्हीच काढा. दह्यात विरजणाचे जंतू बरंचसं आधीच खाऊन टाकतात, तुपात जवळपास नसतंच. म्हणजे कडक भाकरी, शेंगा चटणी, दही सगळं सुरू, सोलापूरच्या माणसाला अजून काय पाहिजे. कॅल्शियमसाठी तीळ आणि शेवग्याचा पाला. नाचणीही आणून बघितली, पण ज्वारीच्या गावात नाचणीची भाकरी मागितली की घरचे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतात.

पोट सांभाळणं सोपं आहे हो, माणसं सांभाळणं अवघड. "म्हशीचं नको, गाईचं घे." "शेळीचं घेऊन बघ." "हळद टाक." अरे सगळ्यात लॅक्टोज आहे! ऑफिसातला मित्र म्हणतो, "ॲलर्जी हाय का बे तुला?" ॲलर्जी वेगळी, ती दुधातल्या प्रोटीनची, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच बिथरते. हे सांगेपर्यंत त्याने स्पेशल चहा सांगितलेला असतो, पाणी न घालता.

सासूबाईंना मात्र फोनवर पाऊण तास नीट समजावलं. एन्झाइम, आतडं, जंतू, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "बरं बरं, आता लक्षात ठेवते" म्हणल्या. मला वाटलं जिंकलो. गेल्या गुरुवारी बायको माहेरून आली, हातात पेढ्यांचा बॉक्स.

"अगं, दूध चालत नाही ना मला?"

"आईने सांगितलंय, बिनधास्त खायला सांग, दुधाचे नाहीत. खव्याचे आहेत. आणि स्वामींचा प्रसाद आहे, नाही म्हणायचं नाही."

मी गुपचूप लॅक्टेजची गोळी काढली, ती पहिल्या घासाआधी घ्यावी लागते, घेतली, पेढा तोंडात टाकला आणि संध्याकाळपर्यंत घराबाहेर पडलो नाही.