टर्बो खंय आसा, दाखय!

उजव्या हाताची तर्जनी अजून चुरचुरतेय, त्यामुळे हा मजकूर उरलेल्या बोटांनी बडवतोय.

काल रायबंदरच्या धक्क्यावर चोडणच्या फेरीबोटीसाठी रांगेत होतो. दीड महिन्यापूर्वी घेतलेली सेकंडहँड टर्बो डिझेल चढावर शिट्टी मारायला लागली होती, दमही धरत नव्हती. बोट यायला वेळ होता, म्हणून बॉनेट उघडलं. बॉनेट उघडणं आणि फणस फोडणं सारखंच. वास लागतो आणि माणसं जमतात.

पहिले आले ते एक काका. पांढरा शर्ट, पायात चपला, हातात मासळीची पिशवी, पिशवीतून डोकावणारी बांगड्याची शेपटी.

"कितें जालें?"

"शिट्टी वाजते, काका. टर्बोची असावी."

"टर्बो? खंय आसा टर्बो? दाखय."

इंजिनावर मधोमध भलंमोठं काळं प्लास्टिक आहे, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'टर्बो' कोरलंय. मी ऐटीत त्यावर बोट ठेवलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं, प्लास्टिककडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "हें झांकण."

"पण लिहिलंय ना वर!"

"माझ्या टिपराच्या पाठी 'हॉर्न ओके प्लीज' लिहिलेलं. म्हणून तो हॉर्न झाला?"

मागची स्कूटरवाली पोरं खिदळली. काका खाणीवर टिपर चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हापासून शिकवायला कुणी मिळालं नसावं. तोंडी परीक्षा सुरू झाली. पिशवी हीच छडी. गुलाबी पाण्याची टाकी? मी म्हटलं, काचेवर मारायचं पाणी. "कूलंट! गरम असताना झाकण उघड, मग तोंड बघ आरशात." ही छोटी बाटली? मी तोंड उघडायच्या आत मागून एक शाळकरी पोरगा ओरडला, "ब्रेक ऑइल!" काकांनी त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. पिशवीतलं पाणी टपटप बॅटरीवर.

शेवटी त्यांनी खाली, इंजिनाच्या मागच्या अंगाला दाखवलं. पत्र्याआड शंखासारखं काहीतरी. "तो टर्बो. सायलेन्सरकडे जाणारा धूर एक चक्र फिरवतो, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात हवा कोंबतं. धूरच भाता मारतो, लोहार लागत नाही. कोंबली की हवा तापते, सायकलचा पंप तापतो तशी. म्हणून पुढे हा इंटरकूलर."

"हा शंख का?" म्हणत मी पत्र्याला हात लावला. बोटाची गोष्ट इथली.

रात्री बोटाला कोरफड लावून वाचत बसलो. टर्बोचं पेटंट अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये घेतलं. ते चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे मारतं. आणि १९६२ च्या ओल्डस्मोबाइल जेटफायरला टर्बोसाठी पाणी-मेथॅनॉलचं वेगळं मिश्रण भरावं लागायचं, ते बरेच मालक भरायचेच नाहीत. वाचून बरं वाटलं. बॉनेटखाली काय आहे ते न कळणारा मी पहिला नाही.

पण राग आहेच. ते झाकण कशासाठी? पूर्वी बॉनेट उघडलं की इंजिन दिसायचं, आता प्लास्टिकचं ताट दिसतं. विकणाऱ्याने पुस्तिका दिली नाही, म्हणाला, "नेटवर सगळं असतं." नेटवर काकाही असायला हवे होते.

दोष मात्र काकांनीच शोधला. इंटरकूलरच्या रबरी पाइपाची क्लिप ढिली, भोवती तेलाचा ओशट थर. "हवा हांगां भायर सरता." माझ्याकडून रुपयाचं नाणं घेतलं, क्लिपच्या खाचेत घालून आवळलं, नाणं शर्टाच्या खिशात टाकलं. तेवढ्यात बोट लागली. मागच्या गाड्या हॉर्न मारत मला वळसा घालून चढल्या. काकाही चढले आणि कठड्यापाशी उभं राहून कुणाला तरी हातवारे करून काहीतरी सांगू लागले. प्लास्टिकचं झाकण असावं, कारण दोघंही माझ्याकडे बघत होते.

शिट्टी बंद झालीय. पण एसी लावला की गाडीत बांगडा येतो.