कानाला खाच असलेलं कुत्रं आजारी नसतं हो काका

गेल्या आठवड्यात आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला, संध्याकाळपर्यंत तोच माहेरच्या ग्रुपवर आणि रात्री मुलाच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर पण. "रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेण्याआधी हे वाचाच", खाली सहा मुद्दे, शेवटी हात जोडलेले तीन इमोजी. एकूण म्हणणं काय तर रेस्क्यू केलेलं कुत्रं म्हणजे विकतचं दुखणं. आमच्याकडे गेली सात वर्षं फॉस्टरला कुत्री असतात, म्हणजे कुणीतरी उचललेलं कुत्रं, त्याला घर मिळेपर्यंत आमच्या हॉलमध्ये. त्यामुळे उत्तर देणं आलं. क्रमाने जात नाही, ज्याचा सगळ्यात जास्त राग आला तिथून सुरू करते.

मुद्दा तिसरा: कानाला खाच असलेली कुत्री आजारी असतात, महापालिकेनं खूण करून सोडलेली, लांब रहा.

उलटं आहे, एकदम उलटं. नसबंदीचं ऑपरेशन करतात तेव्हा कुत्रं भुलीत असतानाच कानाला ती खाच पाडतात, म्हणजे पुढच्या वेळी महापालिकेची कुत्री पकडणारी गाडी आली की लांबूनच कळतं हिचं झालंय, परत पकडून पोट उघडायला नको. आणि त्याच खेपेला रेबीजची लस पण टोचतात, २०२३ च्या एबीसी, म्हणजे प्राणी जन्म नियंत्रण नियमांत हे सगळं आहे. म्हणजे गल्लीतल्या ज्या कुत्र्याला निदान एकदा तरी डॉक्टरचा हात लागलाय त्यालाच तुम्ही काठी दाखवताय आणि बिनखाचेचं पिल्लू पोरांना खेळायला देताय. ह्याच मुद्द्याच्या शेपटाला "नसबंदी केली की कुत्रं चिडकं होतं" असं जोडलंय, ते पण नाही, जरा जाडी वाढते, खाणं आटोक्यात ठेवायचं, झालं. मादी वर्षातून साधारण दोनदा हीटवर येते, त्रेसष्ट दिवसांत व्याली की एका वेळी चार-सहा पिल्लं, त्यातली निम्मी गाडीखाली नाहीतर पार्व्होनं (पिल्लांचा जीवघेणा उलट्या-जुलाबांचा आजार) जाताना बघायची. हे बघितलेला माणूस नसबंदीला पाप म्हणत नाही.

मुद्दा दुसरा, रेबीज. "रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याच्या लाळेत रेबीज असतोच."

नसतो. रेबीज हा विषाणू आहे, तो लागण झालेल्या प्राण्याच्या चाव्यातून येतो, गावठी जातीत जन्मत: नसतो. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की लस, मग बूस्टर, मग दरवर्षी. हेच वेळापत्रक तीस हजारांच्या लॅबला, म्हणजे लॅब्रॅडॉरला पण आहे बरं का, दुकानातून आणलं म्हणून सूट नाही. पण रेबीज हलक्यात घ्यायचा नाही, लक्षणं दिसायला लागली की माणूस वाचत नाही जवळपास. त्यामुळे कुठलंही कुत्रं चावलं, स्वत:चं असलं तरी, जखम नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची (घड्याळ लावून, पंधरा मिनिटं फार मोठी वाटतात) आणि त्याच दिवशी इंजेक्शन सुरू करायचं. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं ते खरं, पण ते दहा दिवस संपायची वाट बघत घरी बसायचं नाही. फॉरवर्डमध्ये लाल तिखट आणि चुना लावायला सांगितलाय. लावू नका. हे ज्यानं लिहिलं त्याला समोर बसवून एकदा लावलं पाहिजे.

मुद्दा पहिला: पिल्लू एकवेळ ठीक, पण मोठं झालेलं रस्त्यावरचं कुत्रं कधी माणसाळत नाही.

ह्यावर थोडं सविस्तर लिहिते कारण दत्तक देताना नव्वद टक्के लोक हेच विचारतात. इथल्याच द्वारका चौकाच्या पुलाखालून एक मादी आली होती आमच्याकडे, तीनेक वर्षांची, मागचा पाय मोडून चुकीचा जुळलेला. पहिले चार दिवस ती वॉशिंग मशीन आणि भिंतीच्या मधल्या फटीत होती. मिक्सर लावला की थरथर, पंखा वर फिरताना दिसला की जमिनीला चिकटायची, आणि टाइल्स, टाइल्स तर तिला माहीतच नव्हत्या, चार पाय चार दिशांना जायचे, मग मी घरातली सगळी पायपुसणी एकामागे एक मांडून फटीपासून दारापर्यंत रस्ता केला, सासूबाई म्हणाल्या आता आपण कुठे पाय पुसायचे. पहिल्या दिवशी बावीस तास शू केली नाही तिनं, घरात करायची नाही हे कुणी न शिकवता. रात्री लाइट बंद करून मी ओट्याला टेकून पाठ करून बसायचे तेव्हा मागे वाटीचा आवाज यायचा, चपाती आणि अंडं. माझ्याकडे बघत खाल्लं ते नवव्या दिवशी. सहाव्या आठवड्यात नाशिकरोडच्या एका रिटायर्ड जोडप्याकडे गेली, आता त्यांच्या गाडीवर पुढे उभी राहून फिरते.

आणि मोठ्या कुत्र्याचा उघड फायदा असा की जे आहे ते समोर दिसतं, उंची, स्वभाव, मांजर बघून काय करतं, लहान मुलं चालतात का. पिल्लू म्हणजे लॉटरी, शिवाय चपला, रिमोट, सोफा. बिघडतं ते घाईनं. शनिवारी आणलं, रविवारी सगळे नातेवाईक बघायला, सोमवारी आंघोळ, मंगळवारी गुरगुरलं म्हणून मला फोन, ताई परत घेऊन जा. अहो दोन आठवडे त्याला नुसतं असू द्या ना. काही नाही जमत काही कुत्र्यांना फ्लॅट, आहेत तशी, आणि ते लपवून गळ्यात मारणारे रेस्क्यूवाले पण आहेत, त्यांच्यावर माझा राग फॉरवर्डवाल्यापेक्षा जास्त आहे.

मुद्दा चौथा: आता सुप्रीम कोर्टानंच बंदी घातली आणि सोसायटी पण ठराव करून मनाई करू शकते.

११ ऑगस्ट २०२५ ला दिल्ली परिसरातली सगळी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा असा आदेश झाला होता, बरोबर. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठानं तो बदलला, नसबंदी लसीकरण करून परत त्याच भागात सोडा, रेबीजची किंवा आक्रमक असलेली वगळून. त्याच आदेशात लिहिलंय की ज्याला दत्तक घ्यायचंय त्यानं महापालिकेकडे अर्ज करावा, फक्त ते कुत्रं परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्याची. मग ७ नोव्हेंबरला शाळा, हॉस्पिटल, बस डेपो, रेल्वे स्टेशन अशा आवारातून कुत्री हलवायला सांगितलं. ह्यात दत्तक घ्यायला बंदी कुठे दिसली? खायला घालायची जागा ठरवून द्या, रस्त्यात कुठेही घालू नका, हे मात्र आहे आणि ते आपल्या गेटवर वाटी ठेवणाऱ्या सगळ्या ताईंनी वाचावं, मी पण वाचलं. सोसायटीचं म्हणाल तर अ‍ॅनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या सूचना आहेत, बहुमतानं ठराव केला तरी पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टमध्ये पण नाही. पट्टा लावा, घाण उचला, एवढं सांगू शकतात आणि ते बरोबरच आहे.

मुद्दा पाचवा वाचून मला गंगापूर रोडचा ब्राउनी आठवला. "मालकाच्या गच्चीवर बांधलेलं कुत्रं मालकाचं असतं, रेस्क्यूवाल्यांनी नाक खुपसू नये." एप्रिल महिना, तिसऱ्या मजल्याची गच्ची, जेमतेम दोन हाताची साखळी, पाण्याच्या घमेल्याला आतून शेवाळ. लॅब होता, पट्टा पिल्लू असतानाचा, गळ्याच्या कातडीत रुतलेला, जवळ गेलं की वास यायचा. मालक वाईट माणूस नव्हता हो, पोरगा शिकायला पुण्याला गेला आणि कुत्रं गच्चीवर गेलं, एवढंच. तीनदा नुसता चहा पिऊन आलो, चौथ्यांदा ते आजोबा स्वत:च म्हणाले, घेऊन जा बाई, मला जिना चढवत नाही.

पण चहानं नाही जमलं तर कायदा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये अन्न, पाणी, निवारा न देणं, आखूड साखळीनं बांधून ठेवणं, टाकून देणं, सगळं गुन्हा आहे, मालक असला तरी. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये, त्यात आता मिसळ पण येत नाही, तरी तारखेसकट फोटो काढून पोलीस स्टेशनला अर्ज द्या, कागद झाला की माणूस जरा हलतो. आणि मारून टाकलं किंवा जायबंदी केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२५, पाच वर्षांपर्यंत कैद, ते पन्नास रुपयांचं प्रकरण नाही.

एका गोष्टीत फॉरवर्डवाला अर्धा बरोबर आहे, पाचव्यातच घुसवलंय त्यानं, की रेस्क्यूवाले "शंभर प्रश्न विचारतात". विचारतो. भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारलं का, गॅलरीला ग्रिल आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, आधीच्या कुत्र्याचं काय झालं. कारण एकदा न विचारता दिलं होतं, कोजागिरीला नेलं, लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू झाले तेव्हा दार उघडं राहिलं, अकरा दिवस पाथर्डी फाट्यापासून अंबडपर्यंत पोस्टर लावत फिरलो, नाही सापडलं. तेव्हापासून दिवाळीच्या आधीचा एक महिना मी कुणालाच कुत्रं देत नाही, कितीही चांगलं घर असलं तरी.

राहिला सहावा, गावठी कुत्रं फार भुंकतं. हो, भुंकतं, कुत्रं आहे ते. रात्री अकरानंतर आमच्या घरातून आवाज आला तर ग्रुपवर टाकू नका काका, बेल वाजवा, आम्ही जागेच असतो.