लिंकनच्या बायकोला पोराने मरेपर्यंत डांबलं? काहीही!

ते फॉरवर्ड परत फिरतंय: अब्राहम लिंकनची बायको मेरी, तिला रॉबर्ट या पोटच्या पोराने पैशांसाठी, खटला वगैरे न चालवता वेड्यांच्या इस्पितळात टाकलं, साखळीने बांधलं आणि तिथेच ती मेली. वाचून चीड येते, पण यातलं फारच थोडं धड आहे.

मेरी वेडी आहे का हे ठरवायचा खटला झाला होता, १९ मे १८७५ ला, शिकागोत, बारा जणांच्या ज्यूरीसमोर. शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये तो टाळताच येत नव्हता, कारण एलिझाबेथ पॅकार्ड नावाच्या बाईला तिच्या पाद्री नवऱ्याने १८६० मध्ये नुसत्या स्वतःच्या शब्दावर सरकारी इस्पितळात टाकलं, ती तीन वर्षांनी सुटली आणि सरकारच्या अशी मागे लागली की १८६७ ला कायदाच बदलला, खटल्याशिवाय कुणाला डांबायचं नाही. आता खटला कसा होता विचाराल तर लाजिरवाणा. मेरीला त्याच दिवशी कळलं, तिचा वकील रॉबर्टच्याच बाजूने ठरवलेला, त्याने तिच्यातर्फे एक साक्षीदार उभा केला नाही, ज्यूरीत सगळे पुरुष, आणि दुपारभरात निकाल, बाई वेडी! बोंब मारायची तर यावर मारा ना.

साखळ्या तर सोडाच. तिला ठेवलं ते बेलव्ह्यू प्लेस म्हणजे बटेव्हिया गावातलं डॉ. रिचर्ड पॅटरसन यांचं खाजगी हॉस्पिटल, फक्त बायकांसाठी, तेही पैसेवाल्या घरच्या आणि शांत स्वभावाच्या. आधी सरकारी इस्पितळं चालवलेल्या या माणसाने १८६७ मध्ये जुन्या शाळेच्या दगडी इमारतीत ते काढलं, आराम, मोकळी हवा, बाग, घोडागाडीतून फेरफटका हीच मुख्य ट्रीटमेंट. मेरीला स्वतंत्र खोली आणि दिमतीला एक बाई. पण खिडकीला जाळी होती आणि मनात आलं म्हणून निघून जाता येत नव्हतं, त्यामुळे कैद नव्हतीच असं मी म्हणणार नाही.

मेली मात्र तिथे नाही. जेमतेम चार महिने होती. सोडवायला धावली मायरा ब्रॅडवेल, शिकागोत कायद्याचं वर्तमानपत्र चालवणारी बाई, जिला स्वतःला बाई म्हणून वकिलीची सनद नाकारली होती आणि सुप्रीम कोर्टानेही १८७३ ला तेच कायम केलं. तिने पेपरात असा गाजावाजा केला की सप्टेंबरात मेरी स्प्रिंगफील्डला बहिणीकडे गेली, जून १८७६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने तिला शहाणी ठरवलं, मग काही वर्षं फ्रान्समध्ये काढून १८८२ ला ती बहिणीच्याच घरी वारली.

राहिला पैसा. हॉस्पिटलचं बिल तिच्याच पैशातून भरलं, पण दुसऱ्या निकालानंतर रॉबर्टला पहिल्या खटल्यानंतर त्याच्या ताब्यात आलेली सगळी मालमत्ता तिच्या हातात परत द्यावी लागली. तरी बाईने पत्र धाडलंच, माझ्या वस्तू परत कर म्हणून.