रूट्स रेगेमधली लीड गिटार: माझं थोडं भांडण

गिटारवेड्या लोकांत बसून रेगेचं, म्हणजे जमैकाच्या संगीताचं (रूट्स हा त्यातला गरिबी, अन्याय आणि श्रद्धेवर गाणारा प्रकार), नाव काढलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं. "त्यात काय, उलट्या ठोक्यावर चक-चक करत राहायचं!" आणि ज्याने जरा जास्त ऐकलंय तो पुढे म्हणतो, बॉब मार्लीच्या रेकॉर्डवर जे काही चांगले सोलो, म्हणजे गिटारने एकट्याने वाजवलेले तुकडे, आहेत ते अमेरिकन लोकांनी वाजवलेत. पहिल्या वाक्याकडे मी दुर्लक्ष करतो. दुसऱ्यात तथ्य आहे, म्हणून ते जास्त झोंबतं.

आधी ते तथ्य. 'कॅच अ फायर' या अल्बमचं मूळ रेकॉर्डिंग मार्लीच्या बँडने, वेलर्सनी, १९७२ मध्ये किंग्स्टनला केलं. टेप लंडनला आयलंड रेकॉर्ड्सच्या क्रिस ब्लॅकवेलकडे गेल्या. त्याला हा बँड रॉक ऐकणाऱ्या पब्लिकपर्यंत न्यायचा होता. अलाबामाचा वेन पर्किन्स तेव्हा त्याच स्टुडिओत स्वतःच्या बँडचं काम करत होता. ब्लॅकवेलने त्याला बोलावलं आणि तयार टेपवर गिटार वाजवायला सांगितली. रेगे त्याच्या हाताला अगदी नवा होता. १९७३ मध्ये रेकॉर्ड आली तेव्हा कव्हरवर त्याचं नावसुद्धा नव्हतं!

नवख्या माणसाची यात पंचाईत का होते, ते सांगतो. वन ड्रॉप या रेगेच्या खास तालात पहिली मात्रा मोकळी सोडतात आणि ड्रमचा जोर तिसरीवर पडतो. आपल्यासारख्या समेची वाट पाहणाऱ्या कानाला तर सुरुवातीला पायच टेकायला जागा मिळत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बेस, खालच्या सुरांची जाड तारांची गिटार. रॉकमध्ये बेस जमीन धरून असतो आणि गिटार गाते. इथे चाल बेसच गातो. वेलर्सचा बेसवाला फॅमिली मॅन बॅरेट, त्याच्या कितीतरी बेसलाइन लोक गुणगुणतात, गाण्याचे शब्द विसरले तरी. म्हणजे समोर गायक, खाली बेस, दोघंही गाताहेत, आणि लीडवाल्याने, म्हणजे चाल आणि सोलो वाजवणाऱ्या गिटारवाल्याने, तिसरं गाणं सुरू केलं की झाला गोंधळ.

पर्किन्सने 'काँक्रीट जंगल'मध्ये हा गोंधळ होऊ दिला नाही. शहरात अडकलेल्या माणसाचं ते गाणं. त्यात तो तार ओढून सूर लांबवतो आणि ब्लूजमधलं सगळं दुःख तिथे आणून ठेवतो, पण घाई करत नाही. २००१ मध्ये या अल्बमची जी आवृत्ती निघाली, तिच्यात किंग्स्टनचं मूळ मिक्सही आहे. दोन्ही पाठोपाठ ऐका. 'काँक्रीट जंगल' मला लंडनचंच आवडतं. 'स्टिर इट अप' मात्र किंग्स्टनचं. लंडनच्या मिक्समधली वा-वा पेडलची (पायाने दाबून सूर 'वा-वा' करायला लावणाऱ्या यंत्राची) गिटार गोड आहे, फारच गोड आहे, मूळ गाण्याच्या आळसावलेल्या चालीला तिची गरज नव्हती. यावर माझ्याशी भांडणारे बरेच निघतील, निघू देत.

पण लीड म्हणजे फक्त सोलो धरला तर जमैकातल्या लोकांनी जे केलं ते ऐकूच येत नाही. लिन टेट हा माणूस घ्या. मूळचा त्रिनिदादचा, स्टीलपॅन वाजवणारा, १९६२ मध्ये स्वातंत्र्याच्या सोहळ्यासाठी जमैकात आला आणि राहिला. पुढे स्का या जमैकाच्या नाचाच्या संगीताचा वेग उतरून रेगेच्या आधीची रॉकस्टेडी आली, तेव्हा टेट तळव्याने तारा दाबून बेसच्या चालीवरच बारीक, टिकटिक करणारी गिटार वाजवू लागला. बेसला जणू काठ शिवल्यासारखं. १९६८ मध्ये तो कॅनडाला गेला, पण ती पद्धत रेगेत मागे उरली. आजही मोबाइलच्या फुसक्या स्पीकरवर जुनं रेगे लावलं की बेस गायब होतो आणि ही गिटार तेवढी ऐकू येते. चाल तिच्यावरूनच कळते.

ही दाबलेली गिटार आणि मोकळा सोलो, दोन्ही एका हातात पाहायचं तर अर्ल 'चिना' स्मिथ. त्याचे बँड सोल सिंडिकेट, अ‍ॅग्रोव्हेटर्स, सत्तरच्या दशकात किंग्स्टनमध्ये कोणाच्या पाठीमागे हा वाजला नाही तेच विचारा. नाव मात्र कव्हरच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात. नंतर त्याने आपल्या अंगणात जुन्या गायकांना बसवून साधी लाकडी गिटार आणि ढोल घेऊन 'इना डी यार्ड'ची रेकॉर्डिंगं केली. तिथे लपायला काही नसतं. एखादी ओळ संपली की तो दोन-तीन सुरांत उत्तर देतो आणि गप्प. आपल्या मैफलीत चांगला पेटीवाला हेच करतो, गायकाने सोडलेली जागा ओळखतो.

मार्लीकडच्या अमेरिकनांतही हे कळलेला माणूस होता, अल अँडरसन. न्यू जर्सीचा. मार्लीचे वेलर्समधले जुने साथीदार पीटर टॉश आणि बनी वेलर बाहेर पडल्यानंतर १९७४ मध्ये 'नॅटी ड्रेड' या अल्बमसाठी आला. जुलै १९७५ ला लंडनच्या लायसियम थिएटरमधलं 'नो वुमन, नो क्राय' जगभर वाजतं ना, त्यातला सोलो त्याचा. सगळं सभागृह गातंय, ऑर्गन भरून राहिलाय, आणि हा माणूस गाण्याच्या चालीपासून फार लांब जातच नाही. गिटार शिकणारी पोरं म्हणतात सोपा आहे. बोटांना सोपाच आहे. एवढ्या गर्दीत एवढं कमी वाजवायला छाती लागते.

डोनाल्ड किन्सी इंडियानाच्या गॅरीचा, ब्लूजच्या घरातला, आधी ब्लूज गिटारवादक अल्बर्ट किंगकडे वाजवलेला. त्याची गिटार मार्लीच्या 'रास्तामन व्हायब्रेशन' अल्बमवर आहे. डिसेंबर १९७६ मध्ये किंग्स्टनच्या होप रोडवर मार्लीच्या घरात गोळीबार झाला तेव्हा तो तिथेच होता. ज्युनियर मार्विन त्यानंतरचा, किंग्स्टनमध्ये जन्मलेला, लंडनमध्ये वाढलेला. 'वेटिंग इन व्हेन'मधला त्याचा सोलो म्हणजे प्रेमात ताटकळलेल्या माणसाचं उरलेलं बोलणं. तंत्र बघायला गेलात तर फार काही सापडणार नाही.

पीटर टॉशबद्दल एवढंच की मार्लीला गिटार शिकवणाऱ्या या माणसाला लोक गायक आणि बंडखोर म्हणून ओळखतात, आणि त्याची वा-वावरची कुरकुरणारी गिटार कोणी मोजतच नाही.

राहिला थर्ड वर्ल्ड या बँडचा गिटारवाला कॅट कूर. रूट्सचे कट्टर लोक त्याचं नाव घेतलं की नाक मुरडतात. बँड फार गुळगुळीत, म्हणे, आणि हा चेलोही वाजवायचा, बाप जमैकाचा उपपंतप्रधान, हा कसला रूट्सवाला! त्यांनी १९७७ चं 'नाइंटी सिक्स डिग्रीज इन द शेड' लावावं. मोरंट बे इथल्या १८६५ च्या उठावाचं ते गाणं, फाशी जाणाऱ्या माणसाच्या तोंडचं. गिटार कुठे बोलते आणि कुठे बोलत नाही ते ऐकावं, आणि मग नाक मुरडायचं असेल तर खुशाल मुरडावं.