देणगीची तारीख आणि परवानगीची तारीख

एखाद्या राजकीय नेत्याला त्याच्या धनाढ्य स्नेह्यांनी पैसे दिल्याची बातमी आली की चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती घुटमळते : पैसे त्याने स्वतःच्या खिशात घातले, पक्षाला दिले, की एखाद्या संस्थेकडे वळवले? खिशात घातले असतील तर तो भ्रष्ट, पक्षाला दिले असतील तर ‘सगळेच घेतात’, आणि संस्थेला दिले असतील तर मग बोलायलाच नको, अशी एक ढोबळ वर्गवारी आपण मनाशी करून ठेवलेली आहे. मला ती मुळातच चुकीची वाटते. पैसे कोणत्या खात्यात गेले यापेक्षा ते कोणत्या तारखेला गेले, आणि त्या तारखेच्या आगेमागे देणाऱ्याची कोणती फाईल सरकारदरबारी पुढे सरकली, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. देणग्यांची यादी आणि सरकारी मेहेरबानीची यादी या दोन्ही शेजारीशेजारी ठेवून नागरिकांना वाचता आल्या पाहिजेत. महाराष्ट्रात हे काम एकदा उच्च न्यायालयात झालेले आहे. त्यानंतरच्या चार दशकांत कायदे अनेक बदलले. परंतु या दोन याद्या एकमेकींना भेटू नयेत याचीच काळजी त्यांतून अधिक घेतली गेली, असे माझे मत आहे.

ज्या प्रकरणाबद्दल मी बोलतो आहे ते अर्थातच सिमेंट प्रकरण. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्यांच्याविषयी लिहिताना एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे, ती म्हणजे तो माणूस कामाचा होता. संजय गांधी निराधार अनुदान योजना त्यांच्या काळातली, रत्नागिरी जिल्ह्यातून सिंधुदुर्ग वेगळा झाला तो त्यांच्या काळात, आणि कुलाबा जिल्ह्याला रायगड हे नावही तेव्हाच मिळाले. जागच्या जागी निर्णय घेणारा मुख्यमंत्री म्हणून आजही कोकणातले जुने लोक त्यांची आठवण काढतात. परंतु जागच्या जागी निर्णय घेण्याचा हा जो गुण, त्याचीच दुसरी बाजू पुढे न्यायालयात उघडी पडली.

त्या काळी सिमेंट हे नियंत्रित वस्तूंमध्ये मोडत असे. भाव सरकार ठरवी, वाटप सरकार करी, आणि मागणीच्या मानाने पुरवठा नेहमीच अपुरा असे. घराच्या दुरुस्तीसाठी काही गोणी हव्या असणाऱ्या सामान्य माणसाला परमिटसाठी अर्ज करून वाट पाहत बसावे लागे, आणि ज्याला थांबणे शक्य नसे तो काळ्या बाजारात जाई. सरकारी भाव आणि काळ्या बाजारातला भाव यांत जे अंतर होते, तेवढी प्रत्येक परमिटाची किंमत होती. फक्त ती त्या कागदावर छापलेली नसे. मुंबईसारख्या शहरात इमारतीवर इमारती उभ्या करणाऱ्या बिल्डरला ही किंमत अर्थातच सर्वांत आधी कळत होती. अशा वेळी वाटपाचे निर्णय नेमून दिलेल्या निकषांऐवजी मुख्यमंत्र्यांच्या मर्जीवर होऊ लागले, तर मुख्यमंत्र्यांना मित्रांची उणीव भासण्याचे काहीच कारण नव्हते.

हे मित्र देत होते ते मात्र मुख्यमंत्र्यांच्या हाती नव्हे. अंतुले यांनी अनेक न्यास स्थापन केले होते, आणि त्यांतला सर्वांत गाजलेला म्हणजे कलावंत व साहित्यिकांच्या मदतीसाठी म्हणून काढलेला इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान. उद्देश इतका उदात्त आणि नाव इतके वजनदार की त्याकडे संशयाने पाहणेच मुळी अवघड होते. अरुण शौरी यांनी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस या न्यासांविषयी लिहिले आणि महाराष्ट्राचे राजकारण ढवळून निघाले. मृणाल गोरे आणि प. बा. सामंत यांच्यासारख्या लोकांनी केवळ सभा आणि मोर्चांवर न थांबता मुंबई उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. पुढे जे घडले त्याचे महत्त्व आपण पुरेसे ओळखलेले नाही असे मला वाटते. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्यासमोर बिल्डरांना झालेले सिमेंटचे वाटप आणि त्याच बिल्डरांनी न्यासाला दिलेल्या देणग्या ही दोन्ही माहिती एकत्र आली, आणि १२ जानेवारी १९८२ च्या निकालात त्यांनी या दोहोंमध्ये संबंध असल्याचे स्पष्टपणे नमूद केले. अंतुले यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. (हेच लेंटिन पुढे जे. जे. रुग्णालयातील भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळे झालेल्या मृत्यूंच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते. सरकारी कागदपत्रे वाचण्याची त्यांची पद्धत हा खरे तर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

अंतुले यांच्या बाजूने तेव्हा आणि नंतरही जो युक्तिवाद होत आला तो असा की पैसा सार्वजनिक न्यासाकडे गेला, त्यांच्या घरी गेला नाही. हा युक्तिवाद ऐकायला बळकट वाटतो, पण कायद्याने तो फार पूर्वीच निकालात काढलेला आहे. भारतीय दंड संहितेच्या तेव्हाच्या कलम १६१ मध्ये लोकसेवकाने ‘स्वतःसाठी किंवा अन्य कोणासाठीही’ लाभ स्वीकारणे, अशीच शब्दयोजना होती. म्हणजे लाच कोणाच्या झोळीत पडली याला ब्रिटिशांच्या काळातल्या कायदेकर्त्यांनीही फारसे महत्त्व दिले नव्हते. व्यवहार्य दृष्टीने पाहिले तरी न्यासाच्या तिजोरीची किल्ली ज्याच्या हातात, कोणाला मदत मिळणार हे जो ठरवणार, आणि मदत मिळालेल्यांची कृतज्ञता ज्याच्या खाती जमा होणार, त्याला तो पैसा परका कसा म्हणायचा?

याच प्रकरणात साखर कारखान्यांचीही एक बाजू होती आणि ती मला सिमेंटपेक्षाही अधिक अस्वस्थ करते. ज्या सहकारी साखर कारखान्यांची कामे सरकारकडे अडकून पडली होती त्यांच्याकडून न्यासासाठी पैसे मागितले गेल्याचा आरोप होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये त्याबाबत प्रथमदर्शनी तथ्य असल्याचे म्हटले होते. बिल्डरने दिले ते निदान स्वतःच्या नफ्यातून. कारखान्याचा अध्यक्ष देतो तेव्हा तो सभासदांचे, म्हणजे उसाच्या बिलाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यांचे पैसे देत असतो, आणि त्या बदल्यात मंत्रालयातली ओळख मात्र त्याची एकट्याची वाढते.

आता यातला न विचारला जाणारा प्रश्न. न्यासच का? याचे एक उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे. कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर इंदिरा गांधींच्या सरकारने १९६९ मध्ये सरसकट बंदी घातली होती, आणि ती राजीव गांधींच्या काळात, १९८५ मध्ये उठली. निवडणुकांचा खर्च या काळात कमी झाला होता असे कोणीच म्हणणार नाही. बंद झाली ती पैशाची नोंद. धनादेशाचा सरळ रस्ता अडवल्यावर पैसा रोखीच्या आडवाटेने आणि संस्थांच्या दारातून आत येऊ लागला. बंदीच्या बाजूचे लोकही बिनबुडाचे बोलत नव्हते. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने पक्षनिधीला देणगी देता यावी म्हणून आपल्या घटनापत्रात बदल करण्याची परवानगी मागितली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कायद्यात मनाई नसल्यामुळे ती नाकारली नाही, परंतु अशा देणग्यांमुळे लोकशाहीच गुदमरू शकते असा इशारा निकालात देऊन ठेवला. छागलांची भीती रास्त होती. तिच्यावर संसदेने शोधलेला उपाय मात्र रोगापेक्षा फारसा बरा निघाला नाही.

अंतुले यांच्यावरील भ्रष्टाचाराच्या खटल्याचे पुढे काय झाले हे कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. खटला विशेष न्यायालयाकडून उच्च न्यायालयाकडे वर्ग करण्याचा आपलाच १९८४ चा आदेश चुकीचा होता, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९८८ मध्ये बहुमताने ठरवले, आणि मूळ आरोपांपेक्षा कार्यपद्धतीचीच चर्चा अधिक झाली. दोषसिद्धी झाली नाही. अंतुले पुढे दोनदा केंद्रात मंत्री झाले. सिमेंटच्या परमिटांचा व्यवहार थांबला तो एका अगदी रूक्ष कारणाने : फेब्रुवारी १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः उठले आणि १९८९ मध्ये पूर्णपणे. परमिटालाच किंमत उरली नाही, तेव्हा त्यासाठी देणगी देणारेही उरले नाहीत. ज्या ठिकाणी अजूनही कोणाच्या तरी मर्जीने कोट्यवधींचा फरक पडतो, म्हणजे जमिनीचा वापर बदलणे, चटईक्षेत्र वाढवून देणे, निविदेतल्या अटी ठरवणे, खाणपट्टे देणे, तिथे मित्र आजही जमतात.

निवडणूक रोख्यांकडे मी याच नजरेने पाहतो. जानेवारी २०१८ मध्ये अधिसूचित झालेल्या या योजनेत देणगीदार स्टेट बँकेकडून एक हजारापासून एक कोटीपर्यंतच्या दर्शनी किमतीचे रोखे घेणार, पक्ष ते पंधरा दिवसांत वटवणार, आणि कोणी कोणाला दिले हे मतदाराला कधीच कळणार नाही, अशी रचना होती. त्याआधी, २०१७ मध्ये, कंपनीने नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी द्यावी ही मर्यादा आणि कोणत्या पक्षाला दिली हे ताळेबंदासोबत सांगण्याचे बंधन, अशी दोन्ही कलमे काढून टाकण्यात आली. रोखे कोणी घेतले आणि कोणत्या पक्षाने वटवले, अशा दोन्ही याद्या अस्तित्वात होत्या, एका सरकारी बँकेतच होत्या, फक्त त्या जोडायच्या नव्हत्या. सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना घटनाबाह्य ठरवल्यावर स्टेट बँकेने जो अर्ज केला तो वाचताना मला लेंटिन यांचीच आठवण झाली. बँकेचे म्हणणे असे की २२,२१७ रोख्यांच्या खरेदीची आणि वटवणुकीची माहिती दोन स्वतंत्र ठिकाणी ठेवलेली आहे, त्यामुळे ४४,४३४ माहितीसंच ताडून पाहायला ३० जूनपर्यंतचा अवधी हवा. लोकसभेची निवडणूक त्याच्या आत उरकणार होती. न्यायालयाने ११ मार्चला मुदतवाढ नाकारली, पुढे रोख्यांचे क्रमांकही द्यायला लावले, आणि २१ मार्चपर्यंत सगळी माहिती बँकेकडून बाहेर पडली.

त्या याद्यांतून जे दिसले ते कोणत्याही एका पक्षाला शोभणारे नव्हते. सर्वाधिक रक्कम भाजपकडे गेली हे खरे. पण १,३६८ कोटींचे रोखे घेऊन पहिल्या क्रमांकावर असलेल्या लॉटरी व्यवसायातील फ्यूचर गेमिंग या कंपनीच्या देणग्यांचा मोठा वाटा तृणमूल काँग्रेस आणि द्रमुक यांना मिळाला होता. दुसऱ्या क्रमांकावर ९६६ कोटींसह मेघा इंजिनिअरिंग ही कंपनी होती, आणि ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचे काम तिच्याकडेच आहे हे मुंबईकरांना ठाऊक असेल. या कंपनीने देणगीच्या बदल्यात काम मिळवले असे कुठल्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही, आणि मीही तसे म्हणत नाही. माझे म्हणणे इतकेच की हा प्रश्न विचारण्यापुरती माहिती मिळायला नागरिकांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागू नये. देणग्या आणि सरकारी निर्णय यांच्यातील देवाणघेवाणीची विशेष पथकामार्फत चौकशी करावी ही मागणी ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायालयाने फेटाळली. त्यामुळे याद्या जाहीर झाल्या, पण त्या अधिकृतपणे वाचण्याचे काम कोणाकडेच राहिले नाही.

देणगीदारांच्या बाजूने एक मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. देणारा प्रत्येक जण मित्र असतोच असे नाही. तपास यंत्रणांच्या धाडी पडल्या आणि त्यानंतर रोखे घेतले गेले, अशीही उदाहरणे त्या याद्यांतून पुढे आली. अशा ठिकाणी देणगीला मेहेरबानीची किंमत म्हणायचे की खंडणी, हे बाहेरून सांगणे कठीण असते. गुप्ततेच्या समर्थकांचे म्हणणे असे की नाव उघड झाले तर विरोधकांना देणगी देणाऱ्यावर सत्ताधारी सूड उगवतील. परंतु जी माहिती सरकारी बँकेत आहे ती सत्ताधाऱ्यांपासून लपून राहील हे मानायला माझे मन तयार नाही. शिवाय प्रत्येक रोख्यावर अतिनील प्रकाशात दिसणारा क्रमांक होता हे एका पत्रकाराने योजना सुरू झाल्यानंतर काही महिन्यांतच दाखवून दिले होते. अंधारात होता तो केवळ मतदार. ज्याच्याकडून बळजबरीने पैसे उकळले गेले त्याला संरक्षण हवे असेल, तर तेही धाडीची आणि देणगीची तारीख एकत्र वाचता येण्यातूनच मिळू शकते.

रोखे गेल्यानंतर पैसा आता पुन्हा निवडणूक न्यासांकडे, म्हणजे देणग्या गोळा करून त्या पक्षांना वाटणाऱ्या संस्थांकडे, वळला आहे. २०१३ च्या योजनेखालील या न्यासांना देणगीदारांची नावे आणि पक्षांना दिलेल्या रकमा जाहीर कराव्या लागतात. रोख्यांच्या मानाने ही मोठीच सुधारणा आहे, आणि स्वतः सर्वोच्च न्यायालयाने कमी घातक पर्याय म्हणून तिचा उल्लेख केला होता. पण अनेक कंपन्यांचे पैसे एकाच न्यासात एकत्र जमा होतात, त्यामुळे कोणत्या कंपनीचा रुपया कोणत्या पक्षाकडे गेला हे कळत नाही. कंपनीच्या हिशेबात न्यासाचे नाव येते आणि पक्षाच्या हिशेबातही न्यासाचेच. शिवाय हे अहवाल वर्ष संपल्यावर येतात. महाराष्ट्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेसाठी मतदान केले, आणि त्या आर्थिक वर्षातल्या देणग्यांचे तपशील सार्वजनिक झाले तोपर्यंत नवे सरकार स्थिरावून बराच काळ लोटला होता. राज्यांच्या निविदा संकेतस्थळांवर काम कोणाला मिळाले हे त्या मानाने लवकर दिसते. ठरावीक रकमेपेक्षा मोठी प्रत्येक देणगी, ती थेट असो वा न्यासामार्फत, अंतिम पक्षाच्या नावासह महिनाभरात निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर आली पाहिजे, आणि सरकारी कंत्राट किंवा परवाना घेणाऱ्या प्रत्येक कंपनीने मागच्या तीन वर्षांतल्या अशा देणग्या अर्जासोबतच लिहून दिल्या पाहिजेत. यासाठी कोणाच्याही देणगीवर बंदी घालण्याची गरज नाही.