अण्णा दर जानेवारीत हरिश्चंद्रगडावर

आमच्या सोसायटीतल्या भटक्यांनी गडकिल्ल्यांच्या नोंदींसाठी एक छोटा विकी काढला. विकिपीडिया ज्या मीडियाविकीवर चालतो, त्याच सॉफ्टवेअरवर. त्यात साचे असतात. साचा एकदा लिहायचा आणि हव्या तितक्या पानांवर नुसता डकवायचा. कल्पना सुंदर आहे. कल्पना नेहमीच सुंदर असते.

माहितीचौकटीचा, म्हणजे पानाच्या कडेला गडाची थोडक्यात माहिती देणाऱ्या चौकटीचा, साचा माझ्या गळ्यात पडला. आमची मंडळी गड चढतील, पण गडाचं नाव टाइप करणार नाहीत. म्हणून साच्यातल्या प्रत्येक भरायच्या जागेला, म्हणजे पॅरामीटरला, डिफॉल्ट हवा: कोणी काही भरलं नाही तर आपोआप येणारी किंमत. पॅरामीटर तीन महिरपी कंसांत लिहायचा, आत उभी रेघ, रेघेपुढे डिफॉल्ट. आणि तो डिफॉल्ट स्वतःच एखादं व्हेरिएबल, म्हणजे विकी स्वतः भरतो अशी किंमत, असेल, तर त्याचे दोन कंस आणखी. म्हणजे शेवटी पाच कंस ओळीने उभे. त्यातले दोन जरी गळले तरी कंस पानावर उघडे पडतात. अण्णांनी फोन केला, “अरे, हे मधेच तटबंदीसारखं काय आलंय?”

गडाचं नाव दिलं नसेल तर पानाचं शीर्षक घे, असं साच्याला सांगितलं. झकास चाललं. मग रायगड आला. रायगड जिल्हाही आहे, म्हणून गडाच्या पानाचं शीर्षक ‘रायगड (किल्ला)’. चौकटीच्या डोक्यावरही तेच, कंसासकट. त्यात काहींनी नमुना जसाच्या तसा उचलला: ‘नाव’, बरोबरचं चिन्ह आणि पुढे काहीच नाही. विकीचं म्हणणं असं की पॅरामीटर दिलाच नाही तर डिफॉल्ट. दिला पण रिकामा दिला, तर रिकामा हेच तुमचं उत्तर. गड निनावी. मग ‘रिकामं असेल तर’ची अट घाला, तिचे कंस वेगळे.

गडाचं वयही आपोआप यावं, अशी एक सूचना आली. सूचना करणारे साचे लिहीत नाहीत. सिंधुदुर्गाचं बांधकाम १६६४ मध्ये सुरू झालं; चालू वर्षातून तेवढं वजा करायचं, शाळकरी पोराचं काम. पण विकीची भाषा मराठी ठेवली की चालू वर्षाचं व्हेरिएबल देवनागरी आकडे देतं, आणि गणिताच्या फंक्शनला देवनागरी आकडे कळत नाहीत. महाराजांच्या जलदुर्गाचं वय: लाल अक्षरांत एरर. आकडे आधी इंग्रजी करायचे, वजाबाकी करायची, उत्तर परत मराठी करायचं. वय आलं.

खरी गंमत ‘भेटीचं वर्ष’ या रकान्यात होती. डिफॉल्ट, चालू वर्ष. आता हे व्हेरिएबल पान लिहिताना नव्हे, पान दाखवताना मोजलं जातं. अण्णा हरिश्चंद्रगडावर शेवटचे गेले २०११ मध्ये. वर्ष त्यांनी अर्थातच लिहिलं नाही. त्यामुळे दर जानेवारीत कॅलेंडर बदललं की विकीवर अण्णा नव्याने गड चढतात. एक दिवस काकूंचा फोन. “हे यंदा हरिश्चंद्रगडावर जाऊन आले म्हणे. कधी रे? मला तर गुडघे दुखतात सांगून भाजीची पिशवीसुद्धा उचलायला लावतात!”

यावर ‘सब्स्ट’ नावाचा उतारा आहे: व्हेरिएबलच्या आधी तो शब्द लावला की जतन करताना जी किंमत असेल ती कायमची गोठते. साच्यातच लावला. पण जतन झाला तो साचा, म्हणून वर्षही साच्यातच गोठलं, आणि ज्यांनी ज्यांनी वर्ष लिहिलं नव्हतं ते सगळे एकाच वर्षी महाराष्ट्रभर गड चढून आले. डिफॉल्ट काढून टाकावा, तर तीन कंसांतलं ‘वर्ष’ जसंच्या तसं पानावर. तटबंदी परत. शेवटी नुसती उभी रेघ ठेवली, पुढे काही नाही. रकाना कोरा.

तो कोरा रकाना काकूंनी भरला. पानाच्या इतिहासात त्यांचं संपादन दिसतं: वर्ष २०११, सारांशात ‘गुडघ्यांच्या आधीचं’. त्याच्या वरच्या ओळीत, तासाभराने, अण्णांनी ते उलटवलेलं आहे.