"भागीदार गेला की धंदा उरलेल्याचा" हे साफ खोटं आहे

माझ्या मामेबहिणीचे यजमान जाऊन पाच महिने झाले. ते आणि त्यांचे थोरले भाऊ यांचं हार्डवेअरचं दुकान, निम्मी-निम्मी भागीदारी. परवा तिचा फोन आला, "दादा, पाच लाख घेऊन सही करून टाकू का? कायद्याने एवढंच मिळतं म्हणे." सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मेसेज होता, "भागीदाराच्या मृत्यूनंतरचे पाच नियम". मी रोज दुकानदारांचे हिशोब बघतो. हाच मेसेज याआधी दोन अशिलांनी मला पाठवला, तेव्हा मी दुर्लक्ष केलं. ते चुकलंच.

पहिला नियम म्हणे, धंदा हयात भागीदाराचा होतो आणि वारसांना फक्त घातलेलं भांडवल परत मिळतं. हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? भारतीय भागीदारी कायदा, १९३२, कलम ४२ सांगतं की करारात वेगळं ठरलेलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने पेढी विसर्जित होते. दोघांचीच भागीदारी असेल तर करारात काहीही असो, एकट्याची भागीदारी होत नाही. सुप्रीम कोर्टाने १९६५ सालीच हे स्पष्ट केलंय. विसर्जन म्हणजे पुरा हिशोब. माल, उधारी, पेढीचा गाळा, दुकानाच्या नावाची पत म्हणजे गुडविल, सगळं मांडायचं, देणी भागवायची आणि उरलेल्यात वाटा.

बहिणीला सांगितलेले पाच लाख ही ताळेबंदातली भांडवल खात्याची शिल्लक. त्याच ताळेबंदात पेढीचा गाळा, २००३ साली घेतलेला, घसारा (वापरामुळे दरवर्षी कमी धरली जाणारी किंमत) वजा होत होत एक लाख चाळीस हजारांवर आलाय. त्या रस्त्यावर आज एवढ्यात गाळ्याचं डिपॉझिटही भागत नाही! करारात पुस्तकी किंमत मान्य केलेली नसेल, तर त्या आकड्यावर वारसांची बोळवण करता येत नाही.

शिवाय दुकान बंद कुठे झालंय? दिवस झाले आणि चौदाव्या दिवशी शटर उघडलं. तोच माल, तीच गिऱ्हाइकं. यासाठीच कलम ३७ आहे. अखेरचा हिशोब न करता पेढीच्या मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, आणि करारात वेगळं काही नसेल, तर गेलेल्या भागीदाराच्या वाट्याच्या वापरातून झालेला नफा किंवा वाट्याच्या रकमेवर दरसाल ६ टक्के व्याज द्यावं लागतं. दोन्हींतलं काय घ्यायचं ते वारस ठरवतात, दुकान चालवणारा नाही. माझ्या बहिणीला हे एका माणसानेही सांगितलं नव्हतं.

दुसरा नियम, पेढी नोंदणीकृत नसेल तर वारसांना कोर्टाचं दार बंद. खोटं. महाराष्ट्राने १९८४ साली नोंदणीबाबत कडक दुरुस्ती केली होती, पण तीतही मयत भागीदाराच्या वारसांना सूट होती. ती दुरुस्तीही सुप्रीम कोर्टाने २००९ साली रद्द केली.

तिसरा, मुलगा आपोआप भागीदार होत नाही. हे खरं आहे. गाळ्याचा अर्धा तुकडा तोडून मागता येत नाही, हेही खरं. पण वाट्याची किंमत मागता येते, आणि त्यात बायको, मुलगा, मुलगी आणि हयात असेल तर आई, हिंदू वारसा कायद्याने सगळे सारखे.

चौथा, पेढीचं कर्ज वारसांच्या डोक्यावर बसतं म्हणून लवकर सुटका करून घ्या. मृत्यूपर्यंतची देणी गेलेल्याच्या मिळकतीतून जातात, वारसाच्या स्वतःच्या खिशातून नाही. नंतरच्या व्यवहारांची जबाबदारी त्या मिळकतीवरही येत नाही. बँकेत बायकोने जामीनदार म्हणून सही केली असेल तर मात्र गोष्ट वेगळी, ते कागद आधी बघा.

पाचवा, तीन वर्षांनी हक्क जातो. हे मान्य करावं लागतं. विसर्जित पेढीच्या हिशोबाच्या दाव्याला मुदत तीनच वर्षांची आणि ती विसर्जनापासून, म्हणजे अशा पेढीत मृत्यूच्या दिवसापासून मोजतात. "वर्षश्राद्ध होऊ दे", "दिवाळीनंतर बसू" यातच ती निघून जाते.

काल बहीण करारपत्र घेऊन आली. मृत्यूबद्दल त्यात दोनच ओळी आहेत: त्या तारखेपर्यंतचा हिशोब करून वारसांना वाटा द्यावा. खाली थोरल्या भावाची स्वतःची सही आहे. मृत्यूच्या तारखेचा ताळेबंद आणि मालाची यादी मागणारं पत्र आज स्पीड पोस्टाने गेलं.